हळदीच्या जागची गोळी

सांगलीच्या दवाखान्यातून सुटून ज्ञानू उंब्रजला घरी आला तेव्हा गाडीतून आधी औषधांची पिशवी उतरली, मग फाइल उतरली आणि शेवटी ज्ञानू उतरला. बारा दिवसांत माणूस निम्मा झाला होता. पिशवी मात्र चांगली टम्म होती. शालूबाईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, नवऱ्याच्या पायावर पाणी घातलं आणि त्याला आत घेण्याआधी पिशवी आत घेतली. कारण गाडीचं दार लावता लावता मुलाने, यशराजने, बजावलं होतं, "आई, यातली एक गोळी इकडची तिकडं झाली की परत सांगली. तुला जमणार नसेल तर आत्ताच सांग. कराडात एक एजन्सी आहे, तिथं मी नाव नोंदवलंय. आपण घरात बाई ठेवू."

शालूबाईच्या हातातला तांब्या तिथंच थांबला.

"बाई? कशाला?"

"आण्णांच्या औषधाला. दिवसभर घरात राहील, वेळच्या वेळी गोळ्या देईल. शिकलेली असते."

"आन् मग मी काय करू?"

"तू आराम कर की."

पोरगा हे प्रेमानेच म्हणाला, पण शालूबाईला ती धमकी वाटली. शेहेचाळीस वर्षं त्या स्वयंपाकघरात तिच्या परवानगीशिवाय चमचा हलला नव्हता. सून अंकिता पुण्यात कॉम्प्युटरवर पन्नास माणसं सांभाळायची, पण उंब्रजला आली की साखरेच्या डब्याला हात लावण्याआधी विचारायची. आणि तिथं आता कुणी परकी बाई येणार, तांब्याच्या जागी पेला ठेवणार, दुधाच्या पातेल्यात चहा करणार आणि दुपारी गल्लीत बसून, "आज त्यांच्यात कालवण खारट झालतं," म्हणून सांगणार. त्यापेक्षा सांगलीचा दवाखाना बरा.

"काय नगं बाईबिई," ती म्हणाली. "सहा गोळ्या तर हायत. मी सहा जावा सांभाळल्यात."

ज्ञानूचं झालं होतं ते असं. तो सांगलीजवळ माधवनगरला लेकीकडं गेला होता. दुपारी जेवून उठला आणि जो दम लागला तो थांबेना. दवाखान्यात नेलं तर काळीज थकलंय, छातीत पाणी धरलंय, म्हणाले. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, आधीची काही औषधं चालू आहेत का?" ज्ञानू फौजेत बावीस वर्षं जवानांचा स्वयंपाक करून निवृत्त झालेला. साहेबापुढं आडवं पडल्या पडल्या त्याने छाती ताठ केली आणि ठणकावून सांगितलं, "न्हाई साहेब!" तो खोटं बोलला नव्हता. निदान त्याच्या समजुतीप्रमाणे तरी नव्हता. ते पुढं येईलच.

शालूबाईला मराठी अक्षरं येत होती. साठी उलटल्यावर नातीच्या पाटीवर शिकलेली असल्यामुळे ती अक्षरं जपून वापरायची. पण गोळ्यांच्या पाकिटांवर सगळं इंग्रजी, आणि तेही मुंगीच्या पायाएवढं. अंकिताने पुण्याहून एक प्लास्टिकचा डबा पाठवला होता. त्याला अठ्ठावीस कप्पे, प्रत्येक कप्प्याला झाकण, आणि झाकणावर परत इंग्रजीच. शालूबाईने तो तीन दिवस फिरवून फिरवून पाहिला आणि त्यात मेथी, गवारी, दोडका, भेंडी असं बियाणं भरून ठेवलं. बियाणं अगदी झकास बसलं.

गोळ्यांसाठी तिने स्वतःची सोय केली. सांगलीच्या सहा आणि घरात आधीपासून चालू असलेली एक, अशा सात गोळ्या. सात म्हटल्यावर तिला मिसळणाचा डबा आठवला. यशराजच्या लग्नात आत्याने आणि मावशीने एकाच दुकानातून एकसारखा मसाल्याचा डबा आहेर केला होता. दोघी त्यावरून वर्षभर बोलत नव्हत्या. त्यातला एक वापरात होता, एक माळ्यावर. शालूबाईने माळ्यावरचा काढला, घासला, पुसला, आणि सगळ्या गोळ्या पाकिटातून सोलून सात वाट्यांत भरल्या. पिवळी गोळी हळदीच्या जागी, लाल तिखटाच्या जागी, अगदी बारकी ती मोहरीच्या जागी, पांढरी मिठाच्या जागी. तिच्या हाताला त्या जागा डोळे मिटून ठाऊक होत्या. हळदीच्या जागची सकाळी उपाशीपोटी, मोहरीच्या जागची जेवल्यावर. चूक व्हायचं कारणच नव्हतं.

चार दिवस सुरळीत गेले. माणसं भेटायला येत होती, बिस्किटांचे पुडे साठत होते, ज्ञानू प्रत्येकाला छातीतल्या पाण्याची गोष्ट सांगत होता आणि दर वेळी ते पाणी अर्धा लिटर वाढत होतं. पाचव्या दिवशी सकाळी साडेनऊला तो अंगणात उभा राहिला आणि ओरडला, "शाले! बाहीर ये! कोयना हालली!"

शालूबाई बाहेर आली. ज्ञानूने अंगणातल्या पेरूला मिठी मारली होती.

"आवं, कुठं काय हालतंय? मांडणीवरचं भांडं वाजलं न्हाई."

"मग जमीन का फिरतीया?"

दुसऱ्या दिवशी साडेनऊला परत कोयना हलली. तिसऱ्या दिवशीही. भूकंप असा रोज घड्याळ लावून येत नाही हे शालूबाईला कळत होतं. आठला गोळ्या आणि साडेनऊला कोयना. म्हणजे हे गोळ्यांचंच काम. पण विचारायचं कुणाला? यशराजला फोन केला तर तो म्हणणार, बघ, म्हणूनच बाई ठेवू म्हणत होतो. मग तिने आमटी बिघडल्यावर करते तेच केलं. आज हे कमी घालून बघ, उद्या ते कमी घालून बघ. तिखटाच्या जागची बंद केली, कोयना हललीच. ती परत चालू केली आणि जिऱ्याच्या जागची गुलाबी गोळी बंद केली, तर कोयना थांबली. गुलाबी ठेवून घरातली जुनी तिकोनी बंद केली, तरीही थांबली. दोन्ही एकत्र दिल्या की पेरूला मिठी.

शेवटी तिने गुलाबी गोळी देणंच सोडून दिलं. सांगलीच्या मोठ्या डॉक्टरांची, चकचकीत पाकिटातली गोळी तिने आपल्या अकलेने बंद केली होती, आणि हे तिने कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. ज्ञानू हिंडूफिरू लागला, हायवेच्या पुलाखालच्या कट्ट्यावर जाऊन बसू लागला. शालूबाईच्या जिवाला मात्र घोर लागला. त्यात आणखी एक झालं. ज्ञानूचे पाय सुजायला लागले. चपलेत अंगठा शिरेना. हे गुलाबी गोळी बंद केल्यामुळेच झालं, असं तिच्या मनाने घेतलं.

आणि नेमका तेव्हाच यशराजचा फोन आला. "आई, आज चार वाजता परवीनकडं जा. घरातली सगळी औषधं आणि फाइल घेऊन जा. ती एकेक तपासेल, मीही फोनवर बघतो. नीट असलं तर ठीक. नाहीतर सोमवारपासून बाई."

परवीन म्हणजे हायवेकडेच्या मेडिकलवाल्या रहिमानभाईंची लेक. ती औषधांचं शिकून आली आणि बापाच्या दुकानात बसू लागली तेव्हापासून उंब्रजच्या म्हाताऱ्यांची पंचाईत झाली होती. रहिमानभाई मागेल ते द्यायचे. परवीन आधी, "कशाला हवंय?" म्हणून विचारायची.

साडेतीनला शालूबाई खोलीत लुगडं बदलत होती. ज्ञानू ओसरीवर टोपी घालून तयार बसला होता. एवढ्यात शेजारची सुलाबाई धावत आली.

"ज्ञानूभावजी, शाली कुठाय? मूठभर हळद द्या वं. नातीला बघाय पाव्हणं आल्यात आन् आमच्या हळदीत लेकराची अक्कल शिरली, पाणी वतलं बघा त्यात कुणीतरी."

"मूठभर कशाला?" ज्ञानू म्हणाला. फौजेत त्याने कधी मुठीने काही दिलं नव्हतं. "डबाच ने की. संध्याकाळी आणून दे."

ओट्यावर दोन डबे शेजारी शेजारी होते. त्याने जवळचा उचलून दिला. शालूबाई बाहेर आली, उरलेला डबा फडक्यात बांधला, काखेत मारला आणि दोघं निघाली. डब्याला मसाल्याचा वास येत होता. पण तिच्या हातालाच तो बारा महिने यायचा, त्यामुळे तिला काही वेगळं वाटलं नाही.

दुकानात चार-पाच माणसं होती. खोकल्याचं औषध घ्यायला आलेला गुंडा नावाचा गडी फळीवर टेकून उभा होता. परवीनने दोघांना खुर्च्या दिल्या, फाइल वाचली, यशराजला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल गोळ्यांच्या बरणीला टेकवून उभा केला. पोराचं तोंड आईकडं रोखून बघू लागलं.

"काकी, द्या बघू पिशवी."

"पिशवी न्हाई, डबा हाय," शालूबाई जरा तोऱ्यातच म्हणाली. तिने गाठ सोडली. "लय नीट ठेवल्यात. ही हळदीच्या जागची सकाळची, ही..." आणि तिने झाकण काढलं.

परवीनने डब्यात बघितलं. मग शालूबाईकडं बघितलं. मग वाकून वास घेतला.

"काकी, ही हळदच आहे."

दुकानातली माणसं पुढं सरकून डब्यात वाकली. यशराजचं तोंड मोबाइलमध्ये मोठं झालं. "आई, ते पिवळं काय आहे? तू आण्णांना काय खायला देतीयस?"

"परवीन," गुंडा म्हणाला, "मला पण चमचाभर मोहरी बांध. खोकल्याला."

शालूबाईने हळूच मान वळवून नवऱ्याकडं बघितलं. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात त्या नजरेचा अर्थ ज्ञानूला पाठ झाला होता.

"सुला आलती," तो टोपी चाचपत म्हणाला. "हळद मागाय. मी म्हनलं, मूठभर कशाला..."

"डबा दिला?"

"दिला."

"आवं, तिच्या घरात पाव्हणं हायत! ती आत्ता आमटीला फोडणी घालत असंल!"

"काका!" परवीन खुर्चीतून उठलीच. "त्यात रक्त पातळ करायची गोळी आहे! तुमच्या घरचा रस्ता कुठला? चला, पळा!"

पळायची गरज पडली नाही. दुकानाच्या पायऱ्यांवर सुलाबाई उभी होती. पदर खोचलेला, एका हातात डबा डोक्याच्या वर धरलेला, दुसऱ्या हातात झारा. माणसं बाजूला सरकली.

"शाले!" ती गरजली. "हळद मागितली तर मला काय दिलंस गं? तेल तापलं, मी मोहरीच्या जागी हात घातला, टाकली चिमूट, तर ती तडतडंनाच! नुसती तरंगतीया! म्हनलं मोहरी जुनी हाय. जाळ वाढवला. तरी बोलंना. चष्मा लावून बघतीय तर गोळ्या!"

"फोडणीत किती टाकल्या?" परवीनने तिचा हात धरला. "आणि कुणी खाल्लं का ते?"

"खातंय कोण? तेल उकिरड्यावर वतलं, कढई राखेनं घासली. चार का पाच व्हत्या. दे तो डबा हिकडं. पाव्हणं पाटावर बसल्यात आन् आमटी पांढरी हाय!"

तिने फळीवरचा खरा मसाल्याचा डबा उचलला, गोळ्यांचा डबा आपटला आणि ती वाऱ्यासारखी गेली. आपटलेल्या डब्याचं झाकण उडालं. सातही वाट्या आडव्या झाल्या. हळदीच्या जागची, मिठाच्या जागची, मोहरीच्या जागची, सगळ्या गोळ्या एकमेकींत मिसळून गेल्या.

मोबाइलमधून यशराजचा थंड आवाज आला. "आई, बास आता. मी सोमवारी बाई पाठवतो."

शालूबाईच्या डोळ्यांपुढं ती बाई दिसली. साखरेच्या डब्यात ओला चमचा घालणारी. तिने खुर्ची पुढं ओढली. "परवीन, एक पेपर अंथर बाळा."

पेपरावर तिने गोळ्या ओतल्या आणि ती तांदूळ निवडायला बसली. म्हणजे बसली तशीच, हात तसेच चालत होते, अंगठा आणि दोन बोटं. बघता बघता सात ढीग झाले.

"ही पिवळी. उपाशीपोटी, पोटात आग पडू नये म्हणून. ही लाल, काळजाचं ठोकं सावकाश पडाय. ही बारकी, रक्त पातळ कराय, जेवल्यावर. हिच्यातल्या पाच सुलीनं तळल्या. ही लांबडी, चरबीची, झोपताना. ही पांढरी, पाण्याची."

परवीन फाइल हातात धरून एकेक ताडून बघत होती. तिची मान हलत होती, होकारार्थी. मोबाइलमध्ये यशराज नाक पुढं करून ढीग मोजत होता.

"आणि या दोन?" परवीनने विचारलं.

गुलाबी आणि तिकोनी. शालूबाईचा हात थांबला. परवीनने गुलाबी ढीग मोजला आणि परत मोजला. "काकी, एक लाल जास्त आहे, बाकी सगळ्या हिशेबात आहेत. पण या गुलाबी सात जास्त आहेत. म्हणजे काकांना मिळाल्याच नाहीत."

"आई?" मोबाइल म्हणाला.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. शालूबाईने पदराने तोंड पुसलं. "मीच बंद केलीया ती. ही दिली आन् ती तिकोनी पण दिली की साडेनवाला ह्यांची कोयना हालती. एकच दिली तर न्हाई हालत. कुठलीबी एक. मला वाटतं ह्या दोघी एकच हायत. नुसती लुगडी येगळी."

"आई, तू काय डॉक्टर आहेस का?" यशराज ओरडला.

पण परवीनने मोबाइलपुढं हात धरला. "थांबा जरा. काका, ही तिकोनी गोळी सांगलीच्या फायलीत नाहीच. ही कुठली?"

"ती?" ज्ञानू म्हणाला. "ती औषध न्हाई."

"मग काय आहे?"

"कोटा हाय."

"काय आहे?"

"कोटा. साताऱ्याला मिलिटरीच्या दवाखान्यातनं मिळतो की म्हैन्याला. फुकाट. कँटीनातनं साबण मिळतो, तेल मिळतं, तशी ही मिळती. सा वर्सं झाली. आपल्या हक्काचं हाय ते, सोडायचं कशाला?"

"तुम्हाला सांगलीच्या डॉक्टरांनी विचारलं नाही, आधीची काही औषधं चालू आहेत का म्हणून?"

"इचारलं की. मी खरं सांगितलं. औषध न्हाई. कोट्याचं त्यांनी इचारलं न्हाई."

शर्टाच्या खिशातून त्याने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं मिलिटरीचं पुस्तक काढलं. परवीनने पान उलटलं, गोळीचं नाव वाचलं, फाइल वाचली. मग तिने खुर्चीला पाठ टेकली.

"यशराजदादा, काकी बरोबर आहेत. दोन्ही बीपीच्याच गोळ्या आहेत. औषध तेच, ताकद तीच, फक्त कंपनी वेगळी म्हणून नाव वेगळं. दोन्ही चालू राहिल्या असत्या तर काका एक दिवस खरंच पडले असते."

तिने तिथूनच फायलीवरच्या नंबरवर सांगलीला फोन लावला. तिकडच्या डॉक्टरांनी पुस्तकातलं नाव दोनदा विचारून घेतलं आणि सांगितलं, एकच घ्या, गुलाबी बंद. शालूबाईने तेच केलं होतं, आठवडाभर आधी. पण परवीनने तिला सोडलं नाही. "काकी, बरं झालं म्हणून बरं. तीच जर रक्ताची गोळी बंद केली असती तर? पुढच्या वेळी काही वाटलं तर आधी माझ्याकडं यायचं, मग बंद करायचं. आणि गोळ्या पाकिटातनं सोलायच्या नाहीत. ओल धरतात. या सगळ्यांना हिंगाचा वास मारतोय."

"नवा डबा व्हता तो," शालूबाई पुटपुटली. "बरं, न्हाई सोलत."

"आता पाय," परवीन ज्ञानूकडं वळली. तिने नडगीवर अंगठा दाबला. कणकेत बोट रुतावं तसा खड्डा पडला आणि तसाच राहिला. "काका, पाण्याची गोळी रोज घेता?"

"रोज. हिच्या म्होरं."

"मी सोता तोंडात टाकती," शालूबाई म्हणाली. "वर पाणी पाजती."

ढीग मोजला, तर हिशेबही बरोबर लागला. रोज एक गेली होती. परवीन कोड्यात पडली. गोळी जातेय तर मग सूज का येतेय? दुकानात उकडत होतं, सगळे ज्ञानूकडं बघत होते, आणि त्याला कपाळावर घाम फुटला. शिस्तीचा माणूस, त्याने घाम पुसायला टोपी काढली.

पांढऱ्या टोपीच्या घडीतून एक पांढरी गोळी टपकन फळीवर पडली. मग दुसरी. मग एसटीचं एक तिकीट, मग आणखी पाच गोळ्या.

"आईशप्पथ!" गुंडा म्हणाला. "ज्ञानूतात्याला अंडी पडाय लागली."

"आवं!" शालूबाई उभी राहिली. "मी पाठ वळवली की टोपीत?"

"मग काय करू?" ज्ञानू कळवळून म्हणाला. "ती गोळी घेतली की दर पंधरा मिंटाला उठाया लागतं. पुलाखाली कुठं सोय हाय? चार माणसांत सयाजी गोष्ट सांगत असतो, ऐन रंगात येतो आन् मी पळतो. परत येतो तवर मानूस मेलेला असतो गोष्टीतला. कोण मेला कळत न्हाई."

परवीन हसली नाही, म्हणजे तिने तोंड फाइलमागे घेतलं. तिने पुन्हा सांगलीला फोन लावला, वेळ बदलून घेतली आणि फाइल खाली ठेवली. "काका, डॉक्टर म्हणतात, पहाटे उठल्या उठल्या घ्या. दहापर्यंत सगळं निपटतं. मग जावा कट्ट्यावर. पण टोपीत ठेवली तर परत सांगली, आणि तिथं सयाजीतात्या नाहीत."

मोबाइलमध्ये यशराजने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. रडतोय का हसतोय ते कळत नव्हतं. "आई," शेवटी तो म्हणाला, "बाईचं राहू दे."

शालूबाईने त्याच रात्री जुन्या खणाची एक पिशवी शिवली. सहा कप्पे, प्रत्येकात परवीनकडून आणलेलं एक नवं अख्खं पाकीट, आणि प्रत्येक कप्प्यावर दोऱ्याने भरलेली खूण. हळदीच्या जागी पिवळा दोरा, तिखटाच्या जागी लाल. आठ दिवसांनी परवीनने ती बघितली आणि दुकानात येईल त्याला दाखवायला म्हणून तसलीच एक मागून घेतली. सुलाबाईच्या नातीचं जमलं. पाव्हण्यांना आमटी उशिरा मिळाल्यामुळे भूक लागली होती आणि ती फार आवडली, असं सुलाबाई सांगते. ज्ञानूचे पाय उतरले. सयाजीच्या गोष्टीत कोण मेलं ते त्याला कळू लागलं.

महिन्याभराने एका दुपारी फोन वाजला.

"शालूबाई बोलताय का? मी कराडहून बोलतेय, एजन्सीतून. म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला आम्ही बायका देतो. उंब्रजमध्ये कुणी भरवशाची आहे का म्हणून मेडिकलवाल्या परवीनताईंना विचारलं, तर त्यांनी तुमचंच नाव दिलं. औषधांचं काम तुमच्यासारखं कुणी करत नाही म्हणाल्या."

"करती की," शालूबाई म्हणाली. परवीन आपली उगाच स्तुती करणारी नव्हे हे तिला माहीत होतं. "कुणाचं घर?"

"गावातलंच. मुलगा पुण्याला असतो, यशराज म्हणून. त्यांनी दीड महिन्यापूर्वी नोंदवलंय. वडील फौजेतले आहेत. आई आहे घरात, पण तिला झेपत नाही असं फॉर्मवर लिहिलंय."

शालूबाईने दारातून डोकावून बघितलं. बाहेर ओसरीवर ज्ञानू बिस्किट बुडवून चहा पीत होता. पोराने बाईचं राहू दे म्हटलं होतं, पण नाव काढायचं राहूनच गेलं होतं.

"तिला झेपत न्हाई व्हय?" तिने विचारलं. "आन् सुट्टी कशी?"

"दर रविवारी."

"दर रविवारी?" शालूबाईने फोन दुसऱ्या कानाला लावला. शेहेचाळीस वर्षं ती या घरात कामाला होती आणि हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. "त्या घरातली म्हातारी कशी हाय? लय कटकटी असंल तर मी न्हाई येणार."

"नाही हो, भली बाई असेल."

"बघती. उद्यापासनं येती."

तिने फोन ठेवला, तोंड धुतलं आणि ओसरीवर आली. "आवं, ऐकलं का? उद्यापासनं बाई येणार हाय."

ज्ञानूच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. "कशी हाय?"

"कडक हाय म्हणत्यात. रोज टोपी झाडून बघती. आन् रविवारी तिची सुट्टी असती, तवा रविवारचा स्वयंपाक फौजेतल्या माणसानं करायचा."

ज्ञानूने बराच वेळ तिच्या तोंडाकडं बघितलं. मग त्याने टोपी काढली आणि उलटी करून झाडून दाखवली. "आन् रविवारी ती बाई जाणार कुठं?"

"औंधला. यमाईच्या दर्शनाला, एकलीच." शालूबाईने पदर खांद्यावरून घेतला. "तुमच्या गोळ्या सुली देईल. फकस्त ती मोहरीच्या जागची, तेल तापायच्या आधी मागून घ्या."